सूचनांची फाइल सांभाळणारे काका

२४ ऑगस्ट. आज सूचनांची फाइल छाटायची आहे. चारशे अकरा ओळी आहेत, त्या चाळीसच्या आत आणायच्या. काम माझ्याकडे आलंय, कारण ते ज्यांचं होतं ते आता ऑफिसात येत नाहीत.

फाइल म्हणजे काय ते आधी सांगते. मालवण-कसाल रस्त्यावरच्या कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोर, कापडाच्या दुकानावरच्या माडीत आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. मी आणि रेश्मा, दोघीच. काजूच्या फॅक्टऱ्या, होमस्टे, पर्यटकांना फिरवणारे देवबागचे बोटवाले ही आमची गिऱ्हाइकं. पूर्वी सगळे प्रोग्राम आम्ही स्वतः लिहायचो. आता बरेचसे एआय सहायक लिहितो आणि आम्ही तपासतो. तो हुशार आहे, पण कालचं त्याच्या लक्षात राहत नाही. म्हणून कामाला लागण्यापूर्वी दर वेळी तो एक फाइल वाचतो. तारीख कशी दाखवायची, कुठल्या फोल्डरला हात लावायचा नाही, 'काम झालं' म्हणण्याआधी कुठल्या चाचण्या चालवून बघायच्या, असं सगळं त्यात असतं. आमच्या कायमच्या सूचना.

गेल्या डिसेंबरात ह्या फाइलीतल्या एका ओळीमुळे देवबागची एक बोट दहाऐवजी चौदा माणसं घेऊन सुटली. कोणाला काही झालं नाही. ठपका फाइल सांभाळणाऱ्या काकांवर आला. ती ओळ त्यांनी लिहिलेली नव्हती, मी लिहिली होती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सप्टेंबर उजाडला की बोटी परत सुरू होतील. सगळे जिला वहिनी म्हणतात त्या बोटींच्या मालकिणीने गेल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं, "औंदा परत तसा झाला तर मी आपली वही घेऊन बसतलंय. तुमचो कंप्युटर तुमका लखलाभ." तिच्या सहा बोटी आहेत. ती गेली तर देवबागातले बाकीचे तिच्यामागून जातील, म्हणून आज सकाळी फाइल छापली आणि लाल पेन शोधलं. लाल पेन काकांच्याच खणात सापडलं.

काका पासष्टीचे. कसालच्या आतल्या एका गावचे. मुंबईत एका कंपनीत तीस वर्षं जुन्या पद्धतीचे प्रोग्राम लिहून निवृत्त झाले, गावी येऊन काजूची बाग बघायला लागले आणि सहा महिन्यांत कंटाळले. एक दिवस माडीचा जिना चढून आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "काम आसा?"

मी विचारलं, "काय येतं तुम्हाला?"

"चुका बघूक येतत."

मला तेव्हा नेमका तसाच माणूस हवा होता. आठवड्यातले तीन दिवस ठरले. दारात चपला काढायचे आणि येणाऱ्या गिऱ्हाइकालाही काढायला लावायचे. भाजलेल्या काजूंची एक बरणी टेबलावर असायची. दिवसभर त्यातले खायचे, पण कधी कोणाला घे म्हटलं नाही. रेश्माने एकदा हात घातला तर झाकण लावून घेतलं. पडद्यावर काहीही वाचायचे नाहीत, सगळं छापून घ्यायचे. पानं उडतात म्हणून पंखा बंद करायचे. मे महिन्यात पत्र्याखालच्या माडीत पंखा बंद म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

सहायकाला ते 'नवो माणूस' म्हणायचे.

"रोज सकाळी नवो माणूस कामाक येता. हुशार आसा, दमणा नाय, उलट उत्तर करणा नाय. पण काल खंय होतो ता तेका ठावक नाय. तेका काय सांगशात?"

मी माझी पहिली फाइल त्यांच्यापुढे ठेवली. प्रोग्राम नेटका असावा, नावं अर्थपूर्ण असावीत, चुका टाळाव्यात, दर्जा उत्तम राखावा, अशा वीसेक ओळी होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"ह्या खंयच्या शाळेच्या भिंतीवरचा?"

"काय चुकलं त्यात?"

"चुकला काय नाय. पण ह्या वाचून नवो माणूस आज काय येगळा करतलो, सांग. चुका टाळाव्यात म्हणून सांगलंस नाय तर तो मुद्दाम करतलो हा काय?"

सगळ्या ओळींवर एक तिरकी लाल रेघ मारली आणि खाली एकच ओळ लिहिली. फाइलीत शुद्ध मराठी लिहायचे, मालवणी फक्त तोंडी. 'तारीख दाखवताना महिना अक्षरात लिहावा. का: एका फॅक्टरीत चार मेचा माल पाच एप्रिलचा समजून मागे ठेवला गेला.' पुढे कंसात लिहिणाऱ्याचं आद्याक्षर. त्यांच्या प्रत्येक ओळीला असं 'का' असायचं. कारण माहीत असलं की ज्या प्रसंगाबद्दल आपण काहीच लिहिलेलं नाही तिथेही नवा माणूस बरोबर वागतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरं होतं. सहायकाने पुढे पावत्यांवर आणि पोत्यांच्या चिठ्ठ्यांवरही महिना आपणहून अक्षरात घातला.

नवीन सूचना घालायला गेलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "मोडलेलो नेम दाखय." म्हणजे सहायकाने अशी चूक खरोखर केलेली असली पाहिजे. कदाचित करेल म्हणून लिहायचं नाही. रेश्मा म्हणाली, "काका, चूक झाल्यावर लिहिण्यात काय अर्थ?" तेव्हा त्यांनी शेजारणीची गोष्ट सांगितली. त्यांना मुलीकडे बडोद्याला महिनाभर जायचं होतं. घर, कुत्रा आणि विहिरीचा पंप शेजारणीवर सोपवला आणि एक कागद लिहून दिला. त्यावर तीनच ओळी. पंपाचं पहिलं पाणी लाल येतं, घाबरू नये. कुत्रा पोस्टमनवर भुंकत नाही, भुंकला तर साप आहे असं समजावं. मागच्या दाराची कडी वर उचलून मग ओढावी.

"कुत्र्याला जेवण घालावं, हे नाही लिहिलं?" रेश्मा म्हणाली.

"ता तिका ठावक आसा. तीस वर्षां संसार केल्यान तिना. जा बघून कळता ता लिवचा नाय. जा बघून कळणा नाय, ता लिवचा."

मला हे सगळं पटायचं आणि कंटाळाही यायचा. दर सोमवारी चहाच्या आधी ते पंखा बंद करून, उभे राहून अख्खी फाइल मोठ्याने वाचायचे. आम्ही ऐकायचं आणि एखादी ओळ फुकटची वाटली तर हात वर करायचा. मी बहुधा फोनवर मेसेज बघत असायचे. ते मध्येच थांबायचे आणि विचारायचे, "मॅडम, आताची वळ काय होती?" मॅडम म्हणजे रागावलेत. एरवी मला गो म्हणायचे.

हे वाचन कुठून आलं ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांच्या घराण्याकडे गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान होता. एक जण देवासमोर हात जोडून सगळ्या गावाच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मुंबईहून परतल्यावर तो मान त्यांच्याकडे आला. वडलांच्या वेळी गाऱ्हाणं पाच-सात मिनिटांत संपायचं. ह्यांच्या वेळेपर्यंत प्रत्येक घराने आपापली वाक्यं घुसवली होती. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाचा जमिनीचा दावा, वाडीचा डांबरी रस्ता, मोबाइलचा टॉवर. वाक्य काढलं तर भावकी रुसायची, म्हणून काढायचं कोणी नाही. गाऱ्हाणं पाऊण तासावर गेलं. म्हातारी माणसं खांबाला टेकायची, पुरुष बाहेर जाऊन तंबाखू मळून परत यायचे आणि आल्या आल्या 'व्हय म्हाराजा'त सामील व्हायचे.

दुसऱ्या वर्षी काकांनी अर्ध्यावर, त्याच लयीत, त्याच आवाजात म्हटलं, "आणि ह्या वर्षी हंय हुबे आसलेल्या सगळ्यांचे आंबे-काजी माकडांच्या पोटात जाऊंदेत."

"व्हय म्हाराजा," अख्खं गाव म्हणालं.

काका गप्प उभे राहिले. हसले नाहीत की पुढे बोलले नाहीत. दीडएक मिनिटाने मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अरे, काय म्हणालो तो आता?" मग जो गोंधळ झाला त्यात पुढची पन्नास वाक्यं राहूनच गेली. दुसऱ्या दिवशी बैठक बसली आणि मान चुलतभावाकडे गेला. त्या साली माकडांनी खरोखरच बागा धुऊन नेल्या. तेही ह्यांच्याच नावावर जमा झालं.

"देव आयकता काय नाय, माका ठावक नाय," मला सांगताना म्हणाले. "पण माणसां आयकनत नाय, ह्या माका त्या दिवशी कळला."

"मग पुढच्या वर्षी छोटं झालं का गाऱ्हाणं?"

"खंयचा? माकडांचा येगळा वाक्य वाढला."

सहायकावरही त्यांनी हाच प्रयोग केला. फाइलीच्या शेवटून चौथी ओळ अशी घातली: 'कामाचा अहवाल संपल्यावर शेवटी काजू हा शब्द लिहावा.' ह्या एकाच ओळीला 'का' नव्हतं. फाइल साठ ओळींची होती तेव्हा प्रत्येक अहवालाखाली 'काजू' यायचं. मी ओळी वाढवत गेले. गिऱ्हाइकाचा फोन आला की एक ओळ, रेश्माची चूक सापडली की एक ओळ, कुठे काही वाचलं की दोन ओळी. दोनशेच्या पुढे गेल्यावर 'काजू' कधी यायचं, कधी यायचं नाही. काका भिंतीवरच्या कॅलेंडरमागे रेघा मारून ठेवायचे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाही मागून आवाज यायचा, "आज काजू नाय." मला लाज वाटायची. एकदा मी सरळ सांगितलं, हा पोरखेळ बंद करा.

"पोरखेळ आसा," त्यांनी कबूल केलं. "पण जो ही वळ गाळता, तो बोटीत दहाच माणसां घेवची ही वळ गाळूचो नाय कशावरना?"

त्यावर मी माझ्या पद्धतीने उपाय केला. गरजेच्या ओळींपुढे ठळक अक्षरांत 'महत्त्वाचे' लिहिलं. काकांनी मोजून एकतीस काढले.

"एकतीस महत्त्वाचे? मगे ह्यातलो महत्त्वाचो खंयचो?"

त्यांनी तीस खोडले. मी दुसऱ्या दिवशी परत घातले. मग त्यांनी खोडले नाहीत. मालकीण मी होते.

आता डिसेंबरबद्दल.

देवबागहून सुटणाऱ्या वहिनीच्या प्रत्येक बोटीला दहा माणसांची परवानगी आहे. बोट भरली की आमच्या प्रोग्रामात लाल चौकट यायची, 'नोंदणी होऊ शकत नाही.' नाताळाच्या तोंडावर वहिनीचा फोन आला. मी कुडाळ स्टेशनवर उभी होते, मुंबईहून भाऊ यायचा होता.

"अगो, तो लाल डबो बघून माणूस पळता. बाजूच्याच्या बोटीत जाऊन बसता. माझ्या गिऱ्हायकाक नाय म्हणा नको."

तिला म्हणायचं होतं, पुढच्या बोटीची वेळ दाखवा म्हणजे माणूस थांबेल. मी ते विचारलं नाही. गाडी येत होती. फोनवरूनच फाइल उघडली आणि लिहिलं: 'महत्त्वाचे: पर्यटकाला नकार दाखवू नये. नोंदणी पूर्ण व्हायलाच हवी.' दोनशे बारावी ओळ.

सोमवारी वाचताना काका तिथे थांबले.

"ही कोणाची?"

"माझी."

"का?"

"वहिनी म्हणाली म्हणून."

"तो का न्हय. तो कोण झालो."

"काका, नाताळ चार दिवसांवर आहे. राहू दे."

"हयसर वर बाराव्या वळीत लिवला हा, दहापेक्षा जास्त घेवचे नाय. हंय लिवला हा, कोणाक नाय म्हणाचा नाय. अकरावो इलो तर नव्या माणसान काय करूचा?"

त्यांनी ओळीपुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि वेगळीच गोष्ट सुरू केली. त्यांच्या घरी टाकी भरली की पंप बंद करा, असा कागद पंपाशेजारी चार वर्षं होता आणि चार वर्षं पाणी अंगणात वाहत होतं. शेवटी त्यांनी टाकीत तरंगणारा खटका बसवला. पाणी वर आलं की पंप आपोआप बंद. कागद काढून टाकला.

"सांगान भागता ता सांगूचा. चुकान चालूचाच नाय, थंय खटको बसवचो. दहाचो खटको प्रोग्रामात बसवया. नव्या माणसाक त्या जाग्याक हातच लावक येता नये. दोन दिवस दी माका."

"सीझन झाल्यावर," मी म्हटलं.

दोन दिवसांनी रेश्माने सहायकाला नोंदणीचा पडदा नीटनेटका करायला सांगितला. त्याने दोन्ही ओळी वाचल्या आणि दोन्ही पाळल्या. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणून त्यांना मोजायचं बंद केलं. दहाचा आकडा राहिला आणि मुलंबाळं घेऊन येणाऱ्याला नकारही गेला नाही. असं केल्याचं त्याने अहवालात लिहिलंही होतं, दुसऱ्या पानावर. रेश्माने पहिलं पान वाचून बरं म्हटलं, आणि मी रेश्माने वाचलंय म्हणून बरं म्हटलं.

बोट धक्क्यापासून पन्नास-साठ फूट गेली असेल. बंदरावर तपासणीला असलेल्या माणसाने डोकी मोजली आणि शिट्टी मारून परत बोलावली. दहा मोठी आणि मांडीवर चार मुलं. जॅकेटं दहाच. ऐन गर्दीत बंदर खात्याच्या हुकुमाने वहिनीच्या सहाही बोटी आठ दिवस किनाऱ्यावर बसल्या.

ती दुसऱ्याच दिवशी कट्ट्याला आली. चपला काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाली, "कोणी लिवला ता?"

रेश्मा खाली बघत होती. काका खुर्चीत बसलेले, हातात छापलेली फाइल, बहुतेक तेच पान. मी म्हटलं, "फाइल काका सांभाळतात."

वाक्य खोटं नव्हतं, म्हणूनच ते इतक्या सहज तोंडून गेलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. "व्हय. फाइल माझ्याकडे आसा."

"इतकी वर्षां मुंबयत काढलात, आणि पोरां माणसात धरूची ह्या तुमका कळला नाय? त्यातला एकादा पोर खाडयेत पडला आसता तर?"

"चुकला," काका म्हणाले.

वहिनी अजून बरंच बोलली. ते ऐकत राहिले. त्यांनी पान तिच्यापुढे धरलं असतं तर तिला पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह दिसलं असतं. त्यांनी फाइल मिटून मांडीवर ठेवली. त्यांचा तसा हिशेबच होता: ओळ कोणीही लिहो, फाइल ज्याच्या हातात तो जबाबदार. मी त्या हिशेबाचा फायदा घेतला.

देवबागात त्यांचं नाव पडलं, 'पोरां मोजूक इसारलेलो म्हातारो.' जे दोन-तीन होमस्टेवाले त्यांना अधूनमधून बोलवायचे, त्यांनी बोलावणं बंद केलं. वहिनीची बहीण काकांच्याच गावात दिलेली आहे, तेव्हा ते गावातही पोचलं. माकडांची गोष्ट तिथे कोणी विसरलं नव्हतंच. आता तिला ही जोडून सांगतात असं रेश्माला कोणाकडून तरी कळलं.

त्या आठवड्यात ते बुधवारी आले, शुक्रवारी आले. शुक्रवारी संध्याकाळी छापलेली फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काजीखाली साफसफाई करूची आसा. बोंडां येतली." बरणी घेऊन गेले. सोमवारी आले नाहीत.

मी फोन केला नाही. आधी सीझन होता, मग मार्चची कामं होती, मग आंब्यावाल्यांची घाई होती. कारणं खरी होती. फाइल मात्र वाढत गेली, कारण आता तिच्यात भर घालायला 'का' लागत नव्हतं.

तर आज. सकाळी साडेनऊला रेश्माला समोर बसवलं आणि वाचायला घेतलं. मोठ्याने वाचलं की आपलंच लिहिलेलं किती पोकळ आहे ते कळतं. नव्वदाव्या ओळीपर्यंत माझा घसा बसला, मग रेश्माने वाचलं. एकच सूचना चार ठिकाणी चार तऱ्हेने होती. दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाच्या अकरा ओळी होत्या. 'नेहमीप्रमाणे करावे' अशी एक ओळ होती. ती कोणाची ते आम्हा दोघींनाही सांगता येईना. दोन वाजेपर्यंत छत्तीस उरल्या. प्रत्येकीला कारण जोडलं. जिथे कारण सुचलं नाही ती ओळ काढली.

बोटीच्या दोन्ही ओळी काढल्या. दहाचा खटका प्रोग्रामातच बसवला, सहायकाला पोचता येणार नाही अशा जागी. डोकं म्हणजे डोकं, वय काहीही असो. अकरावा आला की पुढच्या बोटीची वेळ दिसते. काकांनी दोन दिवस मागितले होते. साडेतीन तास लागले. दहा मोठी आणि चार मुलं घालून बघितली, तेव्हा चौघांना साडेअकराची बोट दाखवली. सहा वेळा तपासलं. सहाही वेळा बरोबर आलं. वहिनीला वही काढायची गरज पडणार नाही.

ओळ काढली की ती कोणाची आणि का काढली, हे फाइलीच्या नोंदीत लिहायचं, अशी काकांनी लावलेली पद्धत आहे. मी लिहिलं: '२१२ काढली. ओळ माझी होती. कारण न विचारता लिहिली होती.' ही नोंद रेश्मा वाचेल आणि सहायक वाचेल. देवबागात कोणी वाचणार नाही, कसालच्या आतल्या गावात तर नाहीच. संध्याकाळी शटर ओढताना रेश्मा म्हणाली, "झालं ना मॅडम एकदाचं?" मी हो म्हटलं. घरी येऊन पेज केली, खाल्ली आणि आता झोपते.

२५ ऑगस्ट. सकाळच्या पहिल्या गाडीने मालवणला गेले आणि तिथून देवबागला. वहिनी माडाखाली उपड्या घातलेल्या बोटीला रंग देत होती. मला बघून ब्रश थांबवला नाही.

"काय गो, इतक्या सकाळी? बिघडला काय परत?"

"बिघडूक नाय. खटको बसवलंय. दहाच्या वर आता जाऊचो नाय, पोरां धरान." मग म्हटलं, "डिसेंबरातली ती वळ माझी होती. म्हाताऱ्याची न्हय. तेनी माका थांबवलेल्यान. मी आयकाक नाय."

ब्रश थांबला.

"मगे तेव्हा गप कित्याक रवलंस?"

"तू काम काढून घेतलं आसतंस."

"आता काढूचंय नाय, ह्या कोणी सांगला तुका?"

"काढ होया तर."

तिने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "त्या माणसाक मी तुझ्या माडयेर चपलेसकट हुबी रवान काय काय बोललंय. आणि तू आयकत बसलंस." मग विचारलं, "तेका सांगलंस?"

"तेंका ठावक आसा."

"ठावक आसा ता मी इचारूक नाय. तू सांगलंस?"

"नाय."

"मगे माझ्याकडे आधी कित्याक इलंस?" तिने हात पुसून कमरेचा मोबाइल काढला. "मी भैणीक फोन करतंय. तासाभरात अख्ख्या गावात होतला. तेका तिच्या तोंडान कळूचा नसात तर नीघ. कामाचा काय ता मी मगे बघतंय."

मालवण स्टँडवर कसालची गाडी लागलेली होती. कंडक्टरला कसाल सांगितलं. वाटेत कट्ट्याला गाडी नेहमीसारखी थांबली. आमच्या माडीची खिडकी उघडी होती, रेश्मा आलेली होती. बरीच माणसं उतरली. मी बसून राहिले.